वाकडं मला बघवत नाही

...आणि वर मलाच विचारतात, "सुतार, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" अहो, सांगायला कशाला पाहिजे? वाकडं मला बघवत नाही! तुम्हाला सांगतो, काम फक्त घासणाऱ्या दाराचं होतं. पण चौकटीवर उजवीकडे बोटभर लांबीची पितळी डबी, आणि ती तिरकी! म्हटलं, कुठल्या आंधळ्यानं ठोकली ही? लावला ओळंबा, केली सरळ. वर स्वतःच खूश!

तेवढ्यात घरच्या म्हाताऱ्या सासूबाई बाहेरून आल्या. त्या यहुदी. आत येताना डबीला बोटं लावून बोटांचा मुका घ्यायची त्यांची रीत. हात वर गेला... आणि तिथेच थांबला!

"सूनबाई! मासा आणलास, मी गप्प बसले. आता दारावरची ही माझी मेझुझाही बदललीस?"

मासा म्हणजे काय, तर सून आणि मुलगा येशूला मसीहा मानतात. सुनेनं आतल्या खोलीत एक पाटी लावलेली. वर सात फांद्यांचा दिवा, मधे तारा, खाली मासा. सासूबाई म्हणायच्या, "दिवा आमचा, तारा आमचा, हा मासा कुठून पोहत आला?"

सून रडवेली. "आई, शपथ, मी हातसुद्धा लावला नाही!" आणि मी? मी दारामागे, हातात पटाशी! त्या पोरीनं माझ्या पायी बोलणी खायची? आलो पुढे. "मावशी, मीच तो गाढव. वाकडं मला बघवत नाही..."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "अहो, या डबीच्या आत चामड्यावर हातानं लिहिलंय, देव एकच आहे, त्याच्यावर जीव ओवाळून टाका. ही डबी उभी लावायची की आडवी, यावर जुने धर्मगुरू भांडले. मग आम्ही लावली तिरकी. दोघांचाही मान राहिला!"

काय डोकं आहे हो! आमच्याकडे दोन भाऊ भांडले की मधे भिंत उभी राहते, आणि यांनी एक डबी कलती करून भांडण मिटवलं!

सून हळूच म्हणाली, "आई, माझ्या पाटीतपण तसंच आहे. दिवा तुमच्याकडून आला, मासा ही येशूच्या माणसांची खूण, आणि तारा दोघांना धरून ठेवतो. तुमचं मन दुखू नये म्हणून तर आत लावली."

सासूबाईंनी आतल्या खोलीकडे बोट केलं. म्हणाल्या, "बाहेर आण ती. सगळ्यांना दिसू दे. पण माशाचं तोंड माझ्या खुर्चीकडे नको!"

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? पण लगेच हुकूम सुटला, "सुतार, डबी तिरकी करा. वरचं टोक घराच्या आत झुकू दे."

"किती अंशात?"

"मनानं करा हो!"

मनानं? मी आयुष्यात मनानं खिळा मारलेला नाही! तीनदा काढली, तीनदा लावली. दर वेळी हात आपोआप सरळ करायला धावतोय, कारण वाकडं मला... जाऊ दे! शेवटी सासूबाईंनी बोटं टेकवली, मुका घेतला, सुनेचा हात धरून तिलाही टेकवायला लावली. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शाबास! काय सुरेख वाकडी बसवलीत!"

तीस वर्षं ओळंब्यात काम केलं, एका माणसानं शाबास म्हटलं नाही... आणि पहिली शाबासकी मिळाली, ती वाकडं बसवल्याची! आता ही घरी सांगायची तरी कुठल्या तोंडानं?