दोन, तीन, चार, पाच ओळीतच

व्यासपीठावरचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या नाट्यगृहाचे विश्वस्त, कपडेपटातून आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती बाई, आणि समोर बसलेले नट, तंत्रज्ञ नि त्यांच्या घरची मंडळी, सर्वांना नमस्कार.

माझ्या खिशात भाषण आहे. पण ते आता वाचता येणार नाही. अध्यक्षांनी आत्ता जे जाहीर केलं, त्यानं माझ्या पायाखालची वाळूच सरकली आहे. बाईंच्या जागी कपडेपट सांभाळणार आमची बटणं लावणारी ताई, सगळ्यांत नवी. शिफारस खुद्द बाईंची. बाकी सगळे आपापल्या जागी. म्हणजे मीही. मी इथला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. भाषणात 'ही धुरा मी नम्रपणे खांद्यावर घेतो' असं वाक्यसुद्धा आहे. अध्यक्षमहाराज, निदान चहाच्या वेळी कानात तरी सांगायचं होतंत.

असो. बाईंबद्दल बोलायला उभा आहे, तर त्यांच्याबद्दलच बोलतो. पोशाख दांडीवर प्रवेशांच्या क्रमानं टांगायचे, हे आमचं काम. पोशाख जुने, जड, मणी टाचलेले. जितक्यांदा हात लागेल तितके मणी गळणार. म्हणून बाईंचा नियम असा, की क्रम बिघडला तर आधी हात मागे बांधून उभं राहायचं. कोण कोण आधीच ओळीत आहेत ते बघायचं, मध्ये भलताच कुणी घुसलेला असला तरी. त्यांना हात लावायचा नाही. उरलेले तेवढे उचलायचे.

परवाच्या प्रयोगाला घाईत कुणीतरी पोशाख कसेही टांगले. दोन, सहा, तीन, चार, पाच, एक. मी आपला सगळे उतरवायला निघालो. ताई दातात दोरा धरून म्हणाली, "दादा, थांबा ना. दोन, तीन, चार, पाच ओळीतच आहेत. सहा मागे न्या, एक पुढे आणा, झालं." बाई बाजूला स्टुलावर बसून होत्या. मला वाटलं, दमल्या असतील. त्या पोशाखांकडे नाही, आमच्याकडे बघत होत्या, हे मला आत्ता इथं उभं राहून कळतंय.

मला राग आलाय, बाई. लपवत नाही. वरचा गेला की प्रत्येकानं एक पायरी चढायची, ही आपली रीत. मान काय हलवताय? बरं, चढवून बघू. मी तुमच्या खुर्चीत. माझ्या जागी, पडद्याआड, शिंपीमामा. त्यांना अंधारात समोरचा खांब दिसत नाही. आणि कापड बेतणार इस्त्रीवाले काका. हसू नका काका, तुमच्या हाती कात्री दिली तर राजाच्या झग्याचा रुमाल होईल. आणि मी? दोन प्रवेशांच्या मध्ये, दिवे जाऊन येईपर्यंत, राजाचा भिकारी करणारे हे हात टेबलावर ठेवून मी काय करणार होतो? हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

काय म्हणालात बाई? मंडळी, मागे ऐकू आलं नसेल. बाई म्हणतायत, "तू ओळीतच होतास रे."

खिशातलं भाषण आता खिशातच राहू दे.

बाई, तुमचे आभार. आयोजकांचेही. बोलण्यात काही अधिकउणं गेलं असेल तर माणूस हादरलेला होता, एवढं समजून पोटात घाला.

आणखी एकच. आमच्या सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत मोठा गुच्छ घेऊन बसल्यात. तो माझ्यासाठी आणला होता. अगं, ये वर. माझ्याकडे नको, ताईकडे. बाकी कुणी जागचं हलू नका.