कपाटाखालची लादी

माझं नाव जानी. झरीची मी, तलासरी तालुक्यातली, जन्म तिथलाच आणि लग्न करून दिलं तेही त्याच गावात, फक्त पाडा बदलला, माहेरच्या अंगणातनं आईनं हाक मारली तर सासरी ऐकू यायची. आई-बाप पावसात भात करायचे आणि पाऊस सरला का चिकूवाडीत मजुरीला, चिखले, घोलवड, जिथं बोलावतील तिथं, आणि त्यांच्या मागं मी. आमच्या घरात शेणानं सारवलेली जमीन, कुडाच्या भिंती. नक्षीची लादी मी पहिल्यांदा बघितली ती चिखल्याच्या शेठाणीच्या बंगल्यात. चिकू निवडायला गेली होती, पाणी मागायला दारात उभी राहिली आणि आत बघते तर खाली सगळी फुलंच फुलं, लाल, काळी, पिवळी, मला वाटलं चादर अंथरलीय, मी पाय आत टाकायला तयार नाय. शेठाणी हसली, बोलली, ये गं, पाय ठेव, ती काय मळत नाय. काय सांगू तुमाला, पायाला असा गारवा लागला का पाणी मागायचं विसरली.

मंग माझं लग्न झालं ते लादीच्याच माणसाशी. देवजी त्याचं नाव, मी नाव घेते त्याचं, आमच्यात चालतं, आणि नाय चालत असतं तरी घेतलं असतं. उंबरगावचा एक गुजराती मिस्त्री होता म्हातारा, त्याच्या हाताखाली देवजी शिकला. नवीन लादी बसवणारे गल्लोगल्ली हायेत, पण जुनी नक्षीची लादी न फोडता काढायची, खालचा भुसभुशीत झालेला चुना खरवडायचा, नवीन चुना घालून परत तशीच बसवायची, फुलाची पाकळी शेजारच्या पाकळीला लागली पाहिजे, हे आमच्या भागात तोच एक करत होता. मिस्त्री वारला आणि सगळं काम याच्याकडं आलं. दोन हजार चौदाच्या सुमाराला तर मुंबईची माणसं यायला लागली, जुने बंगले विकत घ्यायची, आणि त्यांना जुनीच लादी पायजे, नवीन चकचकीत नको. आमची चंगळच झाली म्हणा ना. तो बसवायचा आणि मी घासायची. आधी ओल्या दगडानं वरचं मेण, वर्षानुवर्षांची काळी घाण काढायची, मंग बारीक दगड, मंग रिठ्याचं पाणी, आणि सगळं सुकल्यावर अळशीचं तेल हातानं चोळायचं, फडक्यानं नाय, हातानंच, हाताची ऊब लागली का रंग वर येतो. हा उजवा हात बघा. आता बघू नका, नंतर दाखवते.

आणि या कामातली एक गोष्ट सांगते, ती ऐकून ठेवा, पुढं लागेल. जुन्या घरात मधल्या लाद्या फुटतात, जिथं माणसं चालतात तिथं. तशी लादी आता कुठं मिळत नाय, साचाच नाय कुणाकडं. मंग काय करायचं, तर कपाटाखालची काढायची. कपाट, पलंग, देवाचं टेबल, याच्या खालची लादी कशी नवी कोरी असते, ऊन नाय, पाय नाय. ती काढून मधे घालायची आणि मधली फुटकी जोडून कपाटाखाली टाकायची, कोण बघतंय तिथं. सगळे मिस्त्री हेच करतात, मालकाला पण ठाऊक असतं. देवजी गंमत करायचा, बोलायचा, जानी, म्हातारे झाल्यावर आपल्याला पण असंच कपाटाखाली टाकतील.

तर ती चिखल्याची शेठाणी, तिनंच आमाला बोलावलं. नवरा गेलेला, मुलगी मुंबईला, एकटी राहायची, पण ताठ बाई. बोलली, देवजी, माझ्या सासऱ्यांनी टाकलेली लादी हाय, मला मरायच्या आधी एकदा पहिल्यासारखी बघायचीय. मोठा दिवाणखाना, मधल्या लाद्यांचा नुसता चुरा. देवजीनं काचेच्या भांड्यांचं मोठं सागवानी कपाट चार माणसांकडनं हलवलं, खालच्या चांगल्या काढल्या, मधे घातल्या. फुटक्या एवढ्या झाल्या का भिंतीकडंला जागा पुरेना, एक जोडलेली लादी कपाटाच्या पुढच्या पायाखाली आली. मी बोलली, अरे, पायाखाली? तो बोलला, खाली चुना गच्च भरलाय, हत्ती उभा कर. आणि तो बोलला म्हणजे झालं, मी कशाला शंका घेऊ. कपाट परत जागेवर गेलं आणि दिवाणखाना असा दिसायला लागला का शेठाणी पायातल्या सपाता बाहेर काढूनच आत यायची.

तेलाचा शेवटचा हात राहिला होता. मधे दोन हजार अठराची दिवाळी आली, आणि दिवाळीनंतर आमच्याकडं जमीन हलायला लागली. तुमी ऐकलंच असेल. आधी आवाज यायचा, खाणीत सुरुंग उडवल्यासारखा, आणि मंग खालून धक्का. घराघरात भिंती फाटल्या. थंडीचे दिवस, आणि सगळा पाडा अंगणात झोपायचा, कुणाला तंबू मिळाला, कुणाला ताडपत्री. कुडाच्या घराला काय होत नव्हतं, ते हलायचं आणि परत उभं राहायचं, पण भीती काय कुडाला विचारून येते? तरी काम तर करायलाच पायजे. आमी गेलो चिखल्याला, तेल चोळायला. मी कपाटाच्या समोर बसलेली, उजवा हात लादीवर, आणि तो आवाज झाला. देवजी ओरडला, जानी, बाहेर. मी उठणार तेवढ्यात ते कपाट पुढं झुकलं आणि आलं.

आता बघा हात. ही चार बोटं वळत नाहीत. कासाच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथनं वलसाडला, ऑपरेशन केलं, सळया घातल्या, डॉक्टर बोलले हात वाचला. वाचला म्हणजे आहे. भाकर थापता येत नाय, विळा धरता येत नाय, दगड तर सोडूनच द्या. पण मी हाताचं रडायला बसली नाय तुमच्यासमोर, मी देवजीचं सांगते.

कारण झालं असं का त्या दिवशी शेठाणीच्या घरात दुसरं काय पडलंच नाय. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचं ताट पण नाय. दुसरी दोन कपाटं जागच्या जागी. फक्त हेच आलं. हे देवजीनं बघितलं. दवाखान्यातनं घरी आलो आणि त्यानं अवजारांची पिशवी आढ्याला टांगली, ओट्यावर बसला, तो बसलाच. काम आलं, माणसं बोलवायला आली, नाय गेला. दिलं ते खायचा. माझ्या हाताकडं बघायचा नाय, मी समोर आली का मान तिकडं. आणि मधेच विचारायचा, जानी, लादी होती का जमीन होती? मी बोलायची, अरे सगळं गाव हललं, जमीनच होती. तो बोलायचा, मंग ताट का नाय पडलं?  पुढच्या एका धक्क्यात शेठाणीच्या बंगल्याची मागची भिंत फाटली म्हणून ती मुंबईला मुलीकडं गेली, त्या दिवशी मला उचलून पळाला, लादी बघायला थांबलं कोण, आणि आता बंगल्याला कुलूप, आत जाऊन बघायची सोय नाय. म्हणजे लादी बसली होती का नव्हती, कुणालाच ठाऊक नाय, आणि तो रोज तेच विचारतोय. माझा हात गेला तेव्हा मी ओरडली, रडली, मोकळी झाली. याचं तसं नाय. जिवंत माणूस ओट्यावर हळूहळू संपत होता आणि मी डाव्या हातानं चूल पेटवत बघत होती. मला वाटायचं, एकदाचं त्या कपाटानं माझ्या डोक्यावर पडायला पायजे होतं, बरं झालं असतं दोघांना.

असे उन्हाळ्याचे दिवस आले. चिखल्याची एक सुकी मच्छी विकणारी बाई आमच्याकडं येते, ती बोलली, शेठाणीनं बंगला विकला, पाडतायत. मी देवजीला काय बोलली नाय. बाजाराला जाते सांगितलं आणि गाडी पकडून गेली.

शेठाणी चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेली, सामान बाहेर काढत होते. तिनं माझा हात हातात घेतला, बोलली, जानी, देवजीला सांग, जीवाला लावून घेऊ नको, धरतीकंप होता तो. मी बोलली, बेन, मी एकदा आत जाऊन येते. ती बोलली, जा, पण लवकर ये, मशीन येईल.

आत ते कपाट नव्हतंच, नेलेलं. त्याच्या जागी धुळीत चार पायांच्या खुणा. मी खाली बसली. तीन जागी सगळं सपाट. चौथ्या जागी, पुढच्या पायाखाली, त्यानं जोडलेली लादी जोडावरच मोडून आत गेलेली. मी डावं बोट घातलं, खालचा चुना पिठासारखा हाताला आला. नीट धरलाच नव्हता, घट्ट झालाच नव्हता. आजूबाजूची एक लादी हललेली नाय, एकीची पाकळी दुसरीपासून सुटलेली नाय.

मी उठली. मंग बाहेरच्या मजुराकडनं हातोडा मागितला. तो बोलला, मावशी, तुला कशाला, आमी फोडणारच हाये. मी बोलली, दे तू. आणि डाव्या हातानं मी ती लादी फोडली, तिच्या बाजूची फोडली, त्या कोपऱ्याचा चुरा केला, ज्या फुलांना मी तेल चोळलं होतं त्यांचा. शेठाणी बोलली, आठवण म्हणून दोन लाद्या घेऊन जा. मी नाय घेतल्या.

घरी आली आणि देवजीसमोर बसली. बोलली, मी चिखल्याला जाऊन आली. तुझी लादी जशी घातली होतीस तशी हाय, चीर नाय, पायाची जागा सपाट. जमीनच होती ती. तो बोलला, तू डोळ्यानं बघितलंस? मी बोलली, बोट लावून बघितलं. मंग तो रडला. लग्नात रडला नव्हता, बाप गेला तेव्हा रडला नव्हता, तो माणूस माझा हात दोन्ही हातात घेऊन रडला, आणि एकेका बोटावरनं हात फिरवला, पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी पिशवी खाली काढली. मला वाटलं, संपलं, सुटलो.

पण बघा कसं असतं. पाऊस आला, पेरणीची वेळ. आमच्यात पेरायच्या आधी धरतरीला पुजतात, तांदूळ वाहतात, नारळ देतात, मंग दाणा टाकतात, ती आमची आई. देवजी बोलला, मी नाय वाहणार. जिनं माझ्या बायकोचा हात खाल्ला तिला नारळ देऊ? ह्या जमिनीत मी दाणा टाकणार नाय आणि ह्या जमिनीवर झोपणार पण नाय. मी समजावलं, सासूबाईंनी समजावलं, जुनी माणसं बोलली, देवजी, असं तोंडानं बोलू नये. नाय ऐकलं. एका ठेकेदाराबरोबर वापीला गेला, नवीन बिल्डिंगला लाद्या बसवतो, ती चकचकीत, जिला तो पूर्वी हात लावायचा नाय. फोन करतो. बोलतो, जानी, तू पण ये, इथली जमीन पक्की हाय.

मी कशी जाऊ? मला ठाऊक हाय ना खरं काय ते. हलली ती सगळ्यांसाठी हलली, माझा हात काय तिनं एकटीनं नाय घेतला. मी तिच्यावर आळ घेतलाय, नवऱ्याच्या मनात तिच्याबद्दल विष मीच घातलं, आणि वर तिला सोडून जाऊ? यंदा मीच तांदूळ वाहिले, डाव्या हातानं. डावा हात देवाला चालत नाय, पण दुसरा आणू कुठनं. तिला बोलली, आई, रागावू नको. अजून हलते अधूनमधून. मी अंगणात बसून राहते, उठत पण नाय आता.

त्याला खरं सांगितलं तर तो परत येईल, उद्याच्या गाडीनं येईल. पण येऊन बसेल त्याच ओट्यावर, मान तिकडं करून. म्हणून मी सांगत नाय. तुमी लिवून घ्या, त्याला वाचता येत नाय, म्हणून तर तुमच्याशी बोलली, पण त्याच्यासमोर कुणी मोठ्यानं वाचू नका एवढं करा. मला त्याच्याशिवाय करमत नाय, जेवण जात नाय, हे खरं हाय. तरी तो तिकडंच असू दे. काम करू दे त्याला, रात्री झोप लागू दे, आणि जमिनीला शिव्या द्यायच्या तर देऊ दे. ती ऐकून घेईल, मी पण ऐकून घेते.