सहीखालचं टिंब

(शनिवारची सकाळ. कृष्णात आमदारांच्या संपर्क कार्यालयात पत्रं लिहितात. त्यांच्या घराच्या सोप्यात शेजारची शबनूर लॅपटॉप घेऊन बसलीय.)

शबनूर : ‘मध्यमवर्गाचे कैवारी’ इथवर टाईप झालं, काका. पुढं एखादं उदाहरण सांगा की.

कृष्णात : उदाहरण कशाला? मानपत्र हाय ते. तालीम मंडळाच्या सत्कारात वाचायचं, साहेबांना शाल घालायची, झालं.

शबनूर : मला खरंच जाणून घ्यायचंय. कबनूरच्या शाळेनं नोकरी देऊ केलीय, त्यांना दुपारपर्यंत हो-नाही कळवायचंय. तिथं गेले तर कॉलेजातल्या कायम जागेचा नाद सोडायचा. आणि त्या जागेसाठी तर साहेबांचं पत्र आहे माझ्याकडं.

कृष्णात : मीच लिवलंय की ते! बारा वर्षं झाली, बदली म्हणू नको, ॲडमिशन म्हणू नको. साहेबांनी कुणाला रिकाम्या हातानं लावून दिलं न्हाय.

शबनूर : त्यातली कामं किती झाली?

कृष्णात : टिंब असलं की व्हतंच काम.

शबनूर : कसलं टिंब?

कृष्णात : च्यायला... जाऊ दे, तू फुडं लिव.

शबनूर : काका, कसलं टिंब?

कृष्णात : सहीखाली साहेब बारकं टिंब देत्यात. ते बघितलं की हापिसर काम करतोय. नुसती सही असली, की पत्र फायलीत.

शबनूर : मग टिंब मिळतं कुणाला?

कृष्णात : वस्तीतली चाळीस माणसं दारात येऊन बसली, की टिंब. कारखानदाराला तर पत्रच लागत न्हाय. त्येच्यासाठी फोन.

शबनूर : आणि आपल्यासारख्यांना?

कृष्णात : आपली माणसं चप्पल भाईर काढून येत्यात. चा नको म्हणत्यात. सही बघितली की हात जोडून घरला. परत इचारायबी येत न्हाईत. साहेब म्हणत्यात, लई समजूतदार लोक.

शबनूर : मी लॅमिनेशन करून घेतलंय पत्राला. अब्बांनी गल्लीत पेढे वाटले होते.

कृष्णात : मीबी खाल्लाय.

शबनूर : हे बघा. सही आहे. खाली काहीच नाही.

कृष्णात : ठेव ते आत.

शबनूर : तुम्हाला माहीत होतं?

कृष्णात : माझ्या हातनंच गेलतं, पोरी. तुझा अब्बा, निसारभाई, एवढा खूश झालेला, तोंडच उघडंना माझं.

शबनूर : दोन वर्षं थांबले मी, काका. लग्नाला नाही म्हणत थांबले.

कृष्णात : चुकलं माझं. कबनूरला हो म्हण. आत्ताच लाव फोन.

शबनूर : लावते. आणि हे ‘कैवारी’? काढू?

कृष्णात : ऱ्हाऊ दे. वाचायचं मलाच हाय.

शबनूर : राजवीरच्या नोकरीसाठी पण पत्र होतं ना? तुमच्या पोराला तरी टिंब दिलं असेल.

कृष्णात : न्हाय. सहीला मीच म्होरं धरलतं ते.

शबनूर : मग तिथंच सांगायचं की, टिंब द्या म्हणून. काय म्हणाला तुम्ही?

कृष्णात : आभार मानलं.