एसडीबी पुसायची

ताई : पुन्हा एकदा सांग. एंटर दाबलंस की काय होणार?

धाकटा : माझी जुनी डिस्क कोरी होणार. मग तुझ्या गोगलगायींची दुसरी प्रत तिच्यावर. प्रबंधाचे सगळे फोटो एकाच डिस्कवर ठेवून सहा वर्षं झोप कशी लागली गं तुला?

ताई : दोन्ही डिस्क अगदी सारख्या दिसतात रे. चुकून माझीच पुसलीस तर?

धाकटा : म्हणून तर काल स्टिकर लावले. तुझ्या डिस्कवर ‘एसडीसी’, माझ्या डिस्कवर ‘एसडीबी’. आणि इथं पडद्यावर काय लिहिलंय? एसडीबी पूस. विषय संपला.

ताई : ही नावं कंपनी देते?

धाकटा : छे, कंप्युटर देतो. जी आधी लावली ती बी, नंतरची सी.

ताई : मग आज आधी कुठली लावलीस?

धाकटा : आज घाईत दोन्ही लावल्या.

ताई : अरे, पण आधी कुठली?

धाकटा : लक्ष नव्हतं.

ताई : म्हणजे हे नावच नाही, दवाखान्यातला नंबर आहे! आणि कालचा नंबर तू पेशंटच्या कपाळावर चिकटवून ठेवलास? बोट काढ आधी तिथून.

धाकटा : घाबरतेस काय! प्रत्येक डिस्कचा एक कायमचा नंबर असतो, अंगावर छापलेला. तो पडद्यावरही दिसतो. दोन्ही जुळवायचे. वाच बरं तुझा.

ताई : कुठं आहे?

धाकटा : स्टिकरच्या... खाली.

(नखानं खरवडल्याचा आवाज. बराच वेळ.)

ताई : निघाले. दोन्ही. छापील नंबरासकट.

धाकटा : डिंक चांगल्यातला होता.

ताई : डिस्क उघडून आत काय आहे ते नुसतं बघता येत नाही?

धाकटा : येतं की. पण तसं नवशिके करतात.

ताई : कर.

धाकटा : बरं बाई. ही घे, एसडीबी उघडली.

ताई : काय आहे?

धाकटा : गोगलगाय.

ताई : चिखलात पालथी पडून काढलेत रे मी हे फोटो. सोमवारी काय तोंड दाखवलं असतं गाइडला?

धाकटा : पण पुसली नाही ना! पद्धत बरोबरच होती, फक्त क्रम तेवढा...

ताई : माझी डिस्क काढ आणि दे इकडे. तुझी कोरी झाली की मागून घे.

धाकटा : घे. माझीही काढून पुन्हा लावली. आता ती एकटीच, म्हणजे तीच बी, चुकायला जागाच नाही. दाबू एंटर?

ताई : थांब. मला पलीकडच्या खोलीत जाऊन दार लावून घेऊ दे.