तुटक्या बटणाचा कोट

बुडापेस्टच्या जुन्या बाजारात, गरम लांगोशच्या, म्हणजे तिथल्या तळलेल्या पुरीच्या, रांगेत, माझ्यापुढे जुने गणवेश जमवणारा एक पोरगेला माणूस आणि हातावर कोट घेतलेल्या एक आजी.

"आजी, कम्युनिस्टांच्या काळातला तुरुंगातल्या पहारेकऱ्याचा कोट ना हा? विकताय?"

"विकायलाच आणलाय. आमच्या ह्यांचा."

"पण एक बटण तुटलंय. ते पहारेकरी होते?"

"छे रे, कैदी! हाच घालून बाहेर पडले. फाटकावरच्याने वर सलाम ठोकला."

"काय सांगता! मग कोट कुणाचा?"

"माझ्या पहिल्या नवऱ्याचा."

"त्यांनी दिला?"

"तो कसला देतोय! मी तिथेच स्वयंपाकाला होते. बटण लावायला माझ्याकडे टाकला होता त्याने. ते मेलं राहूनच गेलं बघ."