जडवस्तू नोंदवहीतला मासा

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे शिक्षणाधिकारी साहेब, या निवडणुकीत राज्याच्या सभागृहात निवडून गेलेले आपले नवे प्रतिनिधी साहेब, मुख्याध्यापक, शिक्षकवर्ग, पालकहो, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण सारे जमलो त्या आमच्या विशेष वर्गाच्या बाई,

मी पाट्या रंगवतो. मोठ्या अक्षरांची सवय आहे, मोठ्या शब्दांची नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "पालकांतर्फे दोन शब्द बोला." दोन शब्द रंगवायचे असते तर एव्हाना वाळलेही असते!

हल्ली मला एकच स्वप्न पडतं. शाळेचा लांबच लांब व्हरांडा, त्यात गुडघाभर नितळ पाणी, आणि त्यातून एक पिवळा मासा निवांत पोहत चाललाय. मागून माझी लेक. ती चौदा वर्षांची आहे, बोलत नाही, वाचत नाही. पण माशामागून ती बरोबर जाते. जाग आली की बराच वेळ पाय ओले वाटतात.

तो मासा मीच काढलेला. दहा वर्षांपूर्वी सरकार बदललं, दोन वर्षांनी अंदाजपत्रकात विशेष शिक्षणाला वेगळे पैसे मिळाले आणि व्हरांड्याच्या टोकाची खोली आमच्या मुलांना मिळाली. दारावर मी लिहिलं, 'विशेष वर्ग'. बारा दारं, सगळी एकसारखी. लेकीला आपलं दार कळावं कसं? म्हणून पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, तिचा हात पोचेल तिथे, पिवळा मासा काढला. ती रोज यायची, माशावर हात ठेवायची आणि दार ढकलायची.

निवडणुकीचा निकाल तुम्ही टीव्हीवर बघता, मला तो पाटीवर कळतो. पुढच्या खेपेला दुसरे आले. वर्गाचं नाव झालं 'समावेशन कक्ष'. मदतनीस ताई गेल्या, बोलायला शिकवणाऱ्या मॅडम आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा येऊ लागल्या. नगरपालिकेनेही नियम काढला: सार्वजनिक पाट्या एकाच रंगाच्या, चित्रबित्र चालणार नाही. मी पडलो सांगकाम्या. मासा पुसला.

दुसऱ्या दिवशी बाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या. दुपारी परतल्या तर लेक व्हरांड्यात. सकाळपासून बारा दारांपुढे फिरत होती, प्रत्येक पाटीचा कोपरा चाचपत. बापानेच तिचं दार पुसलं होतं. अजून आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

बाईंनी बोलावलं. म्हटलं, आता आपली बिनपाण्याने होणार. तर त्या म्हणाल्या, "भाऊ, ब्रश आणलाय ना?"

"अहो बाई, पण नियम?"

"नियमाचं मी बघते. तुम्ही शेपटी नीट काढा. मागची जरा आखूड झाली होती."

आणि बाईंनी काय केलं असेल? शाळेची जडवस्तू नोंदवही उघडली, बाकं, कपाटं, घंटा लिहितात ती. त्यात नोंद केली: मासा, पिवळा, नग एक. उपयोग, शैक्षणिक साधन. ठिकाण, विशेष वर्गाचं दार. तपासणीचे साहेब पाटी बघून तडकले, तेव्हा बाईंनी वही पुढे केली. साहेबांनी वाचलं, दारापाशी जाऊन पाहिलं आणि शेरा मारला, "सुस्थितीत." हसा, हसा! तेव्हापासून दरवर्षी मासा मोजला जातो.

आता या वेळचा निकाल. नव्या अंदाजपत्रकात आमची तरतूद सर्वसाधारण खर्चात विरघळली. बाई निवृत्त झाल्या की त्यांचं पद रद्द, पद नाही म्हणून वर्ग नाही. नऊ मुलं आहेत हो त्यात! आणि आज सकाळी मला काम आलं: पाटीवर 'भांडारगृह' लिहा.

प्रतिनिधी साहेब, मत मी तुम्हालाच दिलं, प्रचाराच्या पाट्याही मीच रंगवल्या. म्हणून राग तुमच्याइतकाच माझ्यावरही आहे. ब्रश बुडवला आणि वही आठवली. नोंदवहीतली वस्तू कुणाच्या मनात आलं म्हणून पुसता येत नाही. समितीची बैठक लागते, ठराव लागतो, सह्या लागतात. शिवाय ठिकाणाच्या रकान्यात अजून 'विशेष वर्गाचं दार' आहे. मी कायदा मानणारा माणूस. ब्रश धुतला आणि इकडे आलो.

प्रतिनिधी साहेब, त्या समितीचे अध्यक्ष आता तुम्हीच आहात. सही करण्याआधी एकदा त्या दारापाशी या, एवढीच विनंती.

बाई, तुमचं नाव काढलं की लेक ओठ उघडते, मिटते, उघडते. तेच तिचं भाषण समजा. माझ्यापेक्षा बरं आहे.

बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. एखादी ओळ वाकडी गेली असेल तर ओला रंग समजून पुसून टाका. मासा तेवढा राहू द्या. उद्या सकाळी दहाला ती येईल, त्याच्यावर हात ठेवेल आणि दार ढकलेल. आत कुणीतरी असावं.