दोरा बांधलेले मासे

सभाध्यक्ष भगवंतराव पाटील, शेजारी बसलेली वडीलधारी मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते शालिग्राम मास्तर, आणि जमलेल्या गावकऱ्यांनो,

हे भाषण लिहायचं मी आज-उद्या करत टाळलं. सकाळी बसलो, तर दरवेशी आला. त्याच्या अस्वलामागे वेशीपर्यंत गेलो. खरं सांगू? महादेवाच्या कुंडात पाहिलं ते कागदावर उतरवायची छातीच होईना.

मास्तरांनी वर्गात घंगाळात मासा आणला होता. मी बाहेर खिडकीत उभा. मास्तरांनी पोरांना विचारलं, शेपटी ढकलते, पण तोल कोण सांभाळतं? छातीजवळची परांची जोडी आणि पोटाखालची जोडी. मास्तरांनी पुढचे पर दोऱ्यानं अंगाशी बांधले. मासा कलंडला! थांबता येईना, वळता येईना. दोरा सोडला, सरळ झाला.

फार पूर्वी माशांना अशा जोड्या नव्हत्याच म्हणे. पुढे आल्या. मग काही मासे त्याच परांवर रेटा देत उथळ चिखलात सरकले, आणि त्यातून युगानुयुगं आपले हातपाय घडले. मी माझ्या पंजाकडे पाहातच राहिलो. या परानं मी रोज भाकर मोडतो? लोणारच्या खाऱ्या तळ्यात तर मासाच नाही... असो, भरकटलो.

पाटील तेव्हा कडाडले होते, “मास्तर, आमच्या पोट्ट्यायले मासोयीची औलाद म्हनता?”

मास्तर म्हणाले, “औलाद नाही हो पाटील, फार लांबची भाऊबंदकी!”

पोरांनी घरी सांगितलं, मास्तरांनी माशाला दोरा बांधला आणि सोडला. आपल्याकडे दोरा बांधायचा तो नवसाला, सोडायचा तो फेडताना! कुंडातल्या माशाला पहिला कुणी बांधला, देव जाणे. मग जो तो परांना दोरा बांधू लागला, महादेवाच्या कुंडातला मासा न् मासा नवसात अडकला. आणि एका पहाटे कुंडावर गेलेली झुंबरबाई किंचाळली, “देवाचे मासे उलथले वं माय!” मी धावलो. पांढरी पोटं, नुसती पांढरी पोटं. अजून अन्न गोड लागत नाही.

बोल मास्तरांवर आला. तक्रार गेली, आणि वऱ्हाडातून थेट प्रांताच्या दुसऱ्या टोकाला, बिलासपुराकडे बदली. त्यांनी एक मासा बांधला होता, तोही सोडला. हे कुणी बोलायचं?

आपण ऐकून घेतलंत, उपकार आहेत. शिक्षण अर्धवट, जीभ सैल. उणंअधिक गेलं असेल तर पोटात घाला. मी आता...

थांबा. अध्यक्षमहाराज, दाराकडे पाहा. खुद्द पाटलीणबाई, आपल्या घरच्या अन्नपूर्णाबाई आल्यात. भर सभेत, एकट्या. म्हणताहेत, “पयला दोरा म्या बांधला. माहा नवस होता. मास्तरले काऊन घालवता?”